बाबांचा हारवाला फोटो

माझं पुस्तक आलं तेव्हा प्रकाशक पुण्याहून फोनवर म्हणाले, "फेसबुकवर रोज काहीतरी टाकत जा. प्रत्येक कमेंटला उत्तर द्या. वाचक असाच जोडला जातो."

त्याच आठवड्यात दारव्ह्याच्या शिंप्यांनी माझ्या वडिलांचा सत्कार केला. बाबांना साठावं लागलं होतं आणि शिलाई मशीन अजून सुटली नव्हती. गळ्यात हार घालून हसणाऱ्या बाबांचा फोटो मी टाकला. खाली एवढंच लिहिलं, "माझे बाबा, यवतमाळ जिल्हा."

कापसाची ती वाईट वर्षं होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव यायचं ते मेलेल्या शेतकऱ्यांसोबतच. संध्याकाळपर्यंत कमेंटींचा ढीग लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. बळीराजा अमर रहे. सरकारचा निषेध. पुस्तकाबद्दल अवाक्षर नाही.

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी कवा शेती केली बे? अन् मले काहून मारून राह्यले हे?"

मग मी एकेकाला उत्तर देत बसलो. वडील शिंपी आहेत, धडधाकट आहेत, आत्ता माझ्यासमोर काजं करत बसलेत. कोणी सॉरी म्हटलं नाही. बरेच जण गुपचूप कमेंट काढून निघून गेले. एका बाईंनी मात्र लिहिलं, "सर, मग आम्हाला उगाच रडवलंत कशाला?"

माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "माफ करा ताई, बाबा जिवंत राहिले. पुन्हा असं होणार नाही."

त्या उत्तराला पहिला अंगठा प्रकाशकांचा आला.