तिला वाटायचं, आईला ठाऊकच असतं

माझी धाकटी बहीण उशिरा बोलायला लागली, पण लागली तेव्हा एकदम पूर्ण वाक्यं बोलू लागली. मात्र स्वतःहून ती कुणाला काही सांगायची नाही. तहान लागली की माठाशी जाऊन उभी राहायची आणि कुणी पाणी दिलं नाही, तर भिंतीवर डोकं आपटायची. आष्टीत तेव्हा, ब्याऐंशीच्या सुमारास, अशा मुलीला येडसर म्हणत. आई हट्टी म्हणायची. वडील शाळामास्तर होते, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते काहीच म्हणायचे नाहीत.

एकदा उन्हाळ्यात भर दुपारी ती परसातून आली आणि आईसमोर उभी राहिली. पोलकं घामानं चिंब, नजर रागीट. आई ज्वारी निवडत होती.

"भूक लागली का?"

ती गप्प. आईनं भाकरी पुढं केली, तर तिनं भिरकावून दिली. आई चिडली. मी दहा वर्षांची असेन. तुकडे गोळा करायला वाकले तेव्हा तिचा पाय दिसला. अंगठा लाल होऊन टरारून सुजला होता. परसातल्या कडब्याच्या गंजीखाली विंचू निघायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

शेजाऱ्याच्या मोटारसायकलवरून अण्णांनी तिला परतूरच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. घरी आल्यावर मी तिला विचारलं, "विंचू चावल्ता, तर सांगितलं का न्हाईस?"

"आईला म्हाईत होतं."

"आईला कसं म्हाईत असंल?"

"मला लई दुखत होतं ना," ती म्हणाली.

मी बराच वेळ त्यावर विचार करत बसले. मावशीची मुलगी तिच्याहून लहान होती, तरी तोंडाला गूळ लागलेला असताना "म्या न्हाई खाल्ला" म्हणायची. आपल्या मनातलं आईला दिसत नाही, हे त्या एवढ्याशा पोरीला न शिकवता कळलं होतं. माझ्या बहिणीला वाटायचं, तिचं दुखणं आईलाही तसंच कळतं, आणि कळूनही आई ज्वारी निवडत बसते. ती आईवर का चिडायची, ते मला तेव्हा कळलं.

मी आईला हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आई बहिणीला न्हाऊ घालताना म्हणू लागली, "बाई गं, तुझ्या पोटातलं मला दिसत न्हाई. ओठावर आण." किती वर्षं म्हणत राहिली कोण जाणे. बहीण हळूहळू सांगू लागली, तेही फार सरळ. "तुमची भाजी खारट हाय. मी जाते." ज्यांच्याकडं जेवायला जायचो, ते दुखावायचे.

पुढं मी डी.एड. झाले, नोकरीला लागले आणि एका सुट्टीत तिला घेऊन आम्ही औरंगाबादच्या डॉक्टरांकडं गेलो. तिथं आम्ही ऑटिझम हा शब्द पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे अशा मुलांना आपोआप कळेलच असं नाही, बऱ्याचदा शिकावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या एसटीत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. आईनं एवढंच विचारलं, "मंग आपल्या माघारी हिचं कसं?"

दोन हजार सालानंतर अण्णा गेले. भेटायला आलेल्या बायकांपैकी एक काकू बहिणीच्या समोरच म्हणाल्या, "हिला बिचारीला काही कळत न्हाई, तेच बरं हाय."

संध्याकाळी बहीण माझ्याजवळ आली. "काकू म्हणल्या, मला कळत न्हाई. त्यांना कसं कळलं?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.

"त्यांना म्हाईत न्हाई," मी म्हणाले.

"मंग सांगावं लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकूंच्या घरी गेली. मी घाईघाईनं मागं गेले. काकू दारात भांडी घासत होत्या. बहीण त्यांच्याकडं न बघता, उंबऱ्याकडं बघत म्हणाली, "अण्णा गेले, ते मला कळतं. ते आता येणार न्हाईत. मला घास गिळवत न्हाई. तुम्हाला म्हाईत नव्हतं, म्हणून सांगून राह्यले."

काकूंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मग त्यांनी राखेचे हात धुतले, तिला आत नेऊन बसवलं आणि चुलीवर चहा ठेवला. बशीत ओतून ती सगळा चहा प्यायली. अण्णा गेल्यापासून पाण्याशिवाय तिच्या पोटात गेलेलं ते पहिलंच काही होतं.