वरच्या थरातली संत्री

"ताई, तुमची मशीन चांगला माल काऊन फेकून राह्यली?"

अरुणभाऊ माझ्यावर खेकसले. कारंजा घाडग्यात त्यांचं संत्र्यांचं पॅकिंग हाऊस आहे. पट्ट्यावरून संत्री यायची, कॅमेरा फोटो काढायचा आणि माझं सॉफ्टवेअर ठरवायचं, चांगलं की खराब. सालीवर बारीकसा डाग असलेलं गोड फळही ते बिनदिक्कत खराबमध्ये ढकलत होतं. बागवाले चिडले होते.

"परवापर्यंत जमलं त ठेवतो. नाई त मशीन घेऊन जा."

नोकरी सोडल्यावरची माझी ही पहिलीच ऑर्डर.

मशीन लर्निंग म्हणजे कॉम्प्युटरला हजारो फोटो दाखवून ओळखायला शिकवणं. जो प्रोग्राम शिकतो, त्याला मॉडेल म्हणतात. माझं मॉडेल लहान पडतंय असं मी ठरवून टाकलं आणि नेटवर मोठं शोधत सुटले. व्हिडिओ पाहिले, फोरमवर विचारलं. संशोधकांचे पेपर फुकट वाचायला मिळतात, सोबत कोडही असतो. तीन मॉडेलं बसवून पाहिली. तिन्ही आधीच्याइतकीच मूर्ख.

मग सफरचंदांवरचा एक पेपर सापडला. नेहमीसारखी सुरुवात आणि निकालांचा तक्ता वाचून मी तो बंद करणार होते. चुकून स्क्रोल शेवटपर्यंत गेला. तिथे परिशिष्टात लेखकांनी कबूल केलं होतं, की फोटो दुकानातल्या मांडणीचे घेतले, त्यामुळे मॉडेलने साधी, डागाळलेली फळं पाहिलीच नाहीत.

मी खुर्चीतून उडालेच! माझे फोटो भाऊंच्या क्रेटचे, वरून काढलेले. आणि आपल्याकडे क्रेट भरताना देखणी फळं वर मांडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे डाग असलेलं चांगलं फळ माझ्या मॉडेलने कधी पाहिलंच नव्हतं.

लगेच फोन लावला. "भाऊ, मी फोटो काढायला आले तेव्हा क्रेट कसे लावले होते?"

"मस्त लावलेते! कापडानं पुसूनही घेतलेते. फोटो निघणार होते ना!"

हसावं की रडावं कळेना. "आता सगळे क्रेट उलटे करा."

"खराब दिसल ना, ताई!"

"दिसू द्या!"

दुसऱ्या दिवशी फळं निवडणाऱ्या बायकांनी एकेक संत्रं हातात घेऊन चांगलं-खराब सांगितलं, मी फोटो काढत गेले. जुनंच लहान मॉडेल नव्याने शिकवलं. मुदतीच्या दिवशी पट्टा सुरू केला. डागाचं पहिलं फळ आलं आणि चांगल्यात गेलं! मी चक्क टाळ्या वाजवल्या. भाऊंनी ते उचलून सोललं, खाल्लं आणि म्हणाले, "राहू द्या मशीन."

तेव्हापासून मी पेपर शेवटून वाचते. लोक खरं तिथंच लिहितात.