हबवरचं ग्रीस

कॉलेजात आम्ही गाडी चालवायचा सिम्युलेटर बनवत होतो. खुर्ची, समोर पडदा आणि हातात खरं स्टिअरिंग. स्टिअरिंग बसवायला कुर्ल्याच्या भंगारातून जुन्या गाडीच्या चाकाचा नुसता हब आणला होता. टायर नाही, रिम नाही, फक्त मधला लोखंडी भाग, ज्यावर चाक बोल्टने बसतं. त्याच्यावर पुढून स्टिअरिंग, मागून मोटरचा पट्टा; स्टिअरिंग फिरवलं की त्या पट्ट्यामुळेच पडद्यावरची गाडी वळायची. गंज काढायला तो मी घाटकोपरला घरी नेला आणि पॉलिश पेपरने घासून ठेवला.

पप्पा टेम्पो चालवतात. सकाळी मी अंघोळ करून येईपर्यंत त्यांनी हब डिझेलने धुऊन, आतबाहेर ग्रीस चोपडून पेपरात गुंडाळला होता.

"कोरडा हब कुणी बसवतं का? तुझ्या सरांना सांग, पप्पांनी भरून दिलाय."

मला बरंच वाटलं. पट्ट्याचा विचार माझ्याही डोक्यात आला नाही.

त्याच दिवशी प्रदर्शन होतं. सगळं जोडलं आणि पट्टा घसरायला लागला. मैत्रिणीने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, पडद्यावरची गाडी सरळ भिंतीत.

"वाट लागली! कुणी चोपडलं गं हे? हबची हळद होती का?"

"पप्पांनी," मी म्हणाले. "टेम्पो चालवतात ते."

"तरीच," कुणीतरी म्हणालं. वाईट कुणीच बोललं नाही, पण माझे कान तापले. पेट्रोलच्या फडक्याने आम्ही हब बाहेरून कोरडा केला.

दुपारी पप्पांचा फोन आला. साकीनाक्याला माल उतरवला होता, कॉलेजच्या गेटवर उभे होते. "दोन मिनिटं बघून जातो." नको म्हणवेना. त्यांना ग्रीसचं कळू नये, एवढंच मनात होतं.

"बसा ना काका!" मैत्रीण म्हणाली. ते खुर्चीच्या कडेवर बसले. पट्टा नीट धरत होता. पडद्यावर वळण आलं तसा त्यांनी सवयीने उजवा हात बाहेर काढला. सगळे हसले, तेही हसले. मी तेवढी हसले नाही. त्यांच्या नखांतलं काळं सगळ्यांना दिसतंय, असं वाटत होतं.

उठताना त्यांनी स्टिअरिंगच्या मागे हबवरून बोट फिरवलं. बोटाकडे बघितलं.

"पुसलं होय?"

"पट्ट्याला चालत नाही, पप्पा."

"अच्छा. बरं केलंस." ज्या बोटाला काहीच लागलं नव्हतं, ते त्यांनी पँटला पुसलं, पुन्हा पुसलं. "चल, गाडी रस्त्यातच लावलीय."

हबच्या आतल्या बेअरिंगमध्ये त्यांनी भरलेलं ग्रीस आम्ही तसंच ठेवलं होतं. स्टिअरिंग इतकं हलकं फिरत होतं ते त्यामुळेच. हे तिथे, सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. सगळे ऐकत होते, म्हणून मी गप्प राहिले. घरी सांगेन म्हटलं. त्यानंतर त्यांनी हबचं नाव काढलं नाही, आणि विषय काढायचं धाडस मला अजून झालेलं नाही.