जन्माआधीचा टाका

बुलढाण्याच्या दवाखान्यात पोटातल्या बाळांची डॉक्टरीण महिन्यातून एकदा मोठ्या शहरातून येते. तिच्या दाराबाहेरच्या बाकावर मी माझ्या नातीसंग, सोनीसंग, इतकी बसली की किस्से सोयाबीनच्या गंजीवानी साठले. एक ओढला की चार खाली येतात.

*

पहिल्या दिवशी पडद्यावर बाळ दिसलं. अंगठा चोखून राह्यलं होतं. मी हात जोडले.

डॉक्टरबाईनं बाळाच्या पाठीवर बोट ठेवलं. "इथं कणा मिटला नाही. आतल्या नसा उघड्या आहेत. पाय लुळे राहू शकतात."

"जन्मल्यावर शिवा ना मग," आमचा नातजावई गजानन म्हणाला.

"शिवतातच. पण तोवर नसा आणखी बिघडतात. आता पोटातच शिवायचं ऑपरेशन निघालंय. नवीन आहे. पिशवी उघडायची, बाळाची पाठ शिवायची, पिशवी मिटवायची. बाळ तिथंच वाढतं."

एवढं आयुष्य गेलं, असं मी देवाच्या गोष्टीतही ऐकलं नव्हतं.

*

पण डॉक्टरबाई नुसतं गोड सांगणारी नाही. "पाय वाचतीलच असं नाही. बाळ वेळेआधी येऊ शकतं, दगावूही शकतं. सोनीच्या जिवालाही धोका आहे."

मी विचारलं, "बाई, तुमची लेक असती तर?"

"तर मी घाबरले असते, आजी. घाबरलेल्या माणसाचा सल्ला घेऊ नये."

*

सोनीची सासू आत गेली. "पोरगा हाये का पोरगी, तेवढं सांगा. मंग ठरवतो."

"ते सांगणं गुन्हा आहे. आणि पोरीला पाय कमी लागतात का?"

सासू बाहेर येऊन माह्याजवळ बाकावर बसली. म्हणते, "खरं बोलली बाई. माह्या पायाले तं कोणीच इचारलं नाही."

*

संग्रामपूरच्या नसीमच्या बाळालेही हेच दुखणं. तिचा नवरा तयार होता, तिनं नाही म्हटलं. "घरी लहान लेकरं हायेत. मी गेली तर त्यांले कोण पाहीन? हे जसं येईन तसं माझं."

मले वाटलं, आता डॉक्टरबाई रागावते. ती म्हणाली, "बरं. जन्मल्यावर शिवू. तोवर तपासणीला येत जा, मीच पाहीन."

नसीम बाहेर येऊन सोनीजवळ बसली. "तू माझं पाहून ठरवू नको, बहन. तुझं पोट वेगळं."

*

शेवटी डॉक्टरबाईनं आम्हा सगळ्यांले बाहेर काढलं. "चिरा हिच्या पोटाला पडणार आहे. हिलाच बोलू द्या."

सोनी बाहेर आली. "मी ऑपरेशनले हाव म्हटलं."

"मले इचारायचं तरी," गजानन म्हणाला.

त्याची मायच त्याच्यावर उखडली, "काऊन बे, पिशवी तुह्या पोटात हाये का?"

*

ऑपरेशन शहरात झालं. पोरगी वेळेआधीच आली, ओंजळीत मावेल एवढी. काचेच्या पेटीत वाढली, मग मोताळ्याले घरी आली.

मी तिले पायावर घेतली, तेल लावायले. सोनी, गजानन, सासू, सगळे तिच्या पायाकडे पाहून राह्यले होते. मी एका तळव्यावर अंगठा फिरवला. काही नाही. दुसऱ्यावर फिरवला.

तिनं अशी लात हाणली की तेलाची वाटी सासूच्या नव्या लुगड्यावर पालथी.

सासूनं वाटी उचलली, तेलानं भरली, अन् परत त्याच पायाजवळ आणून ठेवली.