खोबऱ्याची कावीळ

आमच्या मंगळवार पेठेत किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. दळण आणायला गेलं की पिठाबरोबर एखादा घरी येतोच. हे सगळे एकाच दळणातले.

खोबऱ्या म्हणजे शेजारच्या आबांचा कुत्रा. पांढराशुभ्र, म्हणून खोबऱ्या. आबा एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांची बायको, आमच्या काकी, गेल्यापासून घरात हे दोघंच. दीड महिना झाला, खोबऱ्या खायचा नाही, चालता चालता मटकन बसायचा, मधूनच ओकायचा. आणि तो जेवला नाही की आबाही जेवायचे नाहीत. मी सकाळी दिलेली भाकरी संध्याकाळी तशीच परत यायची.

त्या दिवशी गिरणीत सुमन तिच्या जावेला सांगत होती, "तालमीतली पोरं आबांच्या त्या कुत्र्याला रोज दुपारी..." तेवढ्यात गिरणीवाल्यानं गिरण सुरू केली. पुढचं सगळं गव्हाबरोबर दळून गेलं.

अर्धं वाक्य घेऊन गप बसणं माझ्या स्वभावात नाही. उरलेलं मी वाटेतच जुळवलं आणि आबांना सांगितलं, "तालमीत खोबऱ्याला कायतरी खायला घालत्यात."

तालमीचे वस्ताद म्हणजे आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. रोज सकाळी दोघं तालमीच्या कट्ट्यावर बसायचे. दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर वस्ताद एकटेच.

•

पहिले डॉक्टर गल्लीतच सापडले. कोपऱ्यावरच्या म्हशी तपासायला येतात ते. त्यांनी खोबऱ्याच्या पाठीवर थाप मारली, वही काढली आणि सवयीनं विचारलं, "दूध किती कमी झालंय?"

आबा म्हणाले, "साहेब, गडी हाय त्यो."

"बरं बरं," म्हणत त्यांनी खोबऱ्याचं तोंड वर केलं. ओठ, मिशा, हनुवटी, सगळं पिवळं. म्हणाले, "कावीळ दिसतीय. वय बी झालंय. लईच हाल व्हायला लागले तर सांगा, इंजेक्शन दिऊन मोकळं करू."

ते गेल्यावर आबा मला म्हणाले, "म्हशीचा डॉक्टर त्यो. त्येला कुत्र्यातलं काय कळतंय?" पण खोबऱ्याच्या डोक्यावरचा हात काही त्यांनी उचलला नाही.

•

मग कुणीतरी सांगितलं, शाहूवाडीकडं एक म्हातारा काविळीची माळ घालतो. आबांनी गाडी ठरवली. मीही गेले. परत येऊन गल्लीला सांगणार कोण?

म्हातारा मान खाली घालून मुळ्या ओवत बसला होता. वर न बघताच म्हणाला, "पेशंटचं नाव?"

"खोबऱ्या."

"आईचं नाव?"

खोबऱ्या काकींना मंडईत, भाजीच्या गाड्याखाली सापडलेला. त्याची आई कोण, कुणाला ठाऊक? आबांनी जरा वेळ डोंगराकडं बघितलं आणि म्हणाले, "सुशीला."

ते काकींचं नाव. मी पदर डोळ्याला लावला आणि धूळ गेली म्हणून सांगितलं.

माळ घातली. रोज लांब होत जाईल, पायाला लागली की कावीळ उतरली समजा, असं म्हातारा म्हणाला. मलकापूरला गाडी थांबवून बघतो तर माळ गायब. खोबऱ्यानं खाल्लेली.

आबा म्हणाले, "चला, आठ दिवसांत कायतरी खाल्लं तरी."

•

त्यानंतर राजारामपुरीतली डॉक्टरीणबाई. तरुण पोरगी, पण चिकाटीची. डोळ्याखालची पापणी ओढून रंग बघितला, रक्त काढलं. दोन दिवसांनी म्हणाली, "कावीळ नाहीये. लिव्हर छान आहे. पण रक्त फार कमी झालंय. कशानं, ते शोधायला पाहिजे."

"मग तोंड पिवळं कशानं?" मी विचारलं.

"तेच मला कळत नाहीये."

मग तिनं आबांना एकेक विचारायला सुरुवात केली. सकाळी उठल्यावर काय करतो? आबा म्हणाले, "पडून असतोय." मला राहवेना. म्हटलं, "न्हाय ओ. सहाला उंबऱ्यात येतोय, सव्वासहाला दूधवाल्यावर भुंकतोय, पण हल्ली बसूनच. धाला माझ्या दारात. बाराला पुन्हा आबांच्यात."

डॉक्टरीणबाईनं लिहिता लिहिता विचारलं, "तुम्ही घरच्याच का?"

"न्हाय. शेजारीण."

"आबा, दर वेळी यांना घेऊन या," ती म्हणाली. "आणि दुपारी दोन ते चार?"

ती माझी झोपेची वेळ.

•

दुसऱ्या दिवशी मी झोपलेच नाही. दोनला आबा घोरायला लागले आणि खोबऱ्या उठला. दहा पावलं चालायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. असं करत थेट तालमीच्या मागच्या दारातून आत. मी दारातूनच डोकावले. पोरं जेवून गाढ झोपलेली. खोबऱ्या कुस्तीच्या हौदात उतरला आणि तिथली तांबडी माती गपागपा खायला लागला.

त्या मातीत ताक, तेल, लिंबू आणि पोतंभर हळद कालवलेली असते. मान वर केली तेव्हा त्याचं तोंड पिवळंधमक! खोबऱ्याची कावीळ ही.

तशीच सुमनकडं गेले. "त्या दिवशी गिरणीत काय म्हणत हुतीस? पुरतं सांग."

"तालमीतली पोरं त्या कुत्र्याला रोज दुपारी हाकलून दमल्यात, म्हटलं. का ओ?"

"काय न्हाय," म्हणून मी घरी आले.

•

आबांना सगळं सांगितलं. त्यांनी खोबऱ्याचं तोंड पंच्यानं पुसलं. मग म्हणाले, "वस्तादाकडं तूच जा."

मी फोनवर सांगितल्यावर डॉक्टरीणबाईनं मातीचा नमुना मागितला होता. मी तालमीच्या दारात उभी राहून वस्तादांकडं डॉक्टरांना दाखवायला चिमूटभर माती मागितली. वस्ताद म्हणाले, "माझ्या मातीत खोट काढणारा डॉक्टर मला बघायचाय." स्वतःच डबा भरून निघाले. रिक्षात एका कडेला आबा, दुसऱ्या कडेला वस्ताद, मधी मी आणि मांडीवर खोबऱ्या. तीन आठवडे न बोललेली दोन माणसं दोन्हीकडचे रस्ते बघत होती.

डॉक्टरीणबाईनं डबा उघडला, वास घेतला आणि काही विचारायच्या आत वस्तादांनी त्यातली चिमूट उचलून तोंडात टाकली. "बगा बाई. हाय का काय खोट?"

ती हसली नाही. म्हणाली, "मातीत खोट नाही. तोंड पिवळं तुमच्या हळदीनं झालं आणि ओकतो तोही पोटात माती साठल्यामुळं. पण आजार तालमीतला नाही. हा माती खातो म्हणून आजारी नाहीये, आजारी आहे म्हणून माती खातोय. अंगात रक्त कमी झालं की जनावर असं करतं. मला गोचिडाच्या तापाचा संशय आहे. महिनाभर गोळ्या देऊन बघू."

"वाचंल न्हवं?" आबांनी विचारलं.

"आजच सांगत नाही. पण पोट मोकळं करू, आणि आता काय शोधायचं ते तरी कळलंय."

मग ती वस्तादांकडं वळली. "आणि तुम्ही ही माती कधीपासून खाताय?"

"आता... मुरली का बगायला चाखायला लागतीच की. चाळीस वर्सं झाली असतील."

तिनं बॅटरी हातात घेतली. "वर बघा जरा." आणि खोबऱ्याची ओढली होती तशीच वस्तादांच्या डोळ्याखालची पापणी खाली ओढली. वस्ताद दचकून मागं सरकले.

आबा उठले. मागून जाऊन त्यांनी वस्तादांचे दोन्ही खांदे घट्ट धरले आणि म्हणाले, "बगा बाई निवांत. मी धरलोय त्येला."