काकांनी नापास केलेलं कॉलेज

आमच्या हिच्या काकांसमोर जगातली कुठलीही नवी वस्तू ठेवा, ते आधी तिला नखानं खरवडून बघणार. तसा त्यांचा दोष नाही. सगळा जन्म नरपडच्या चिकूच्या वाडीत गेला, आणि चिकूची साल जराशी खरवडली की खालचा रंग सांगतो, फळ तयार आहे की कच्चं. पण या माणसानं तोच कायदा फ्रिजला लावला, सोफ्याला लावला, नव्या मोटारीलाही लावला. शोरूमवाला बिचारा रडकुंडीला आला होता. मला बघायला आले तेव्हा मात्र त्यांनी माझ्यावर नख चालवलं नाही. फक्त दारातल्या माझ्या चपला उलट्या करून टाचा बघितल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दोन्ही सारख्या झिजल्यात. मुलगा सरळ चालतो. द्या मुलगी." लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून नवी चप्पल घेताना मला त्यांची धास्ती वाटते.

त्यामुळे आमच्या ईशाच्या ॲडमिशनच्या वेळी "जावईबापू, कॉलेज बघायला मी येतो" असं ते म्हणाले, तेव्हा मला त्या शोरूमवाल्याचा चेहरा आठवला. ईशाला फार्मसीच करायची होती. सरकारी कॉलेजची जागा थोडक्यात हुकली होती, आता शहरातलं एखादं खाजगी कॉलेज गाठायचं, आणि मुदत संपायला उरले होते दोन दिवस. ते चुकले की वर्ष गेलं. पोरीचं जेवणावर लक्ष नव्हतं, आणि इकडे काका पहाटेच्या गाडीत चिकूची पिशवी मांडीवर घेऊन शांत बसलेले.

कॉलेज तपासायची त्यांची पद्धत अशी, की माहितीपत्रक द्यायला आलेल्या माणसाला ते "नंतर" म्हणायचे आणि थेट पाण्याच्या कूलरपाशी जायचे. ग्लास साखळीला बांधलेला असला तर बरं. "ग्लास चोरीला जातो म्हणजे पोरं आहेत," हा त्यांचा सिद्धांत. मग वर्गात शेवटच्या बाकावर बसून बाकावर कोरलेली नावं वाचायची. मग खालून हात फिरवून चिकटवलेलं च्युइंगगम चाचपायचं. शी! ईशा लाजेनं अर्धी झाली. पहिल्या कॉलेजच्या बाईंनी तर "आजोबांचं काही पडलंय का?" म्हणून वाकून विचारलं. ते कॉलेज जुनाट होतं, छत गळत होतं, ग्लासाला साखळी होती आणि बाकावर एका मुलीचं नाव चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत कोरलेलं होतं. काका खूश. ईशाचा चेहरा एवढासा.

दुसरं कॉलेज मात्र तिला बघताक्षणी आवडलं. काचेची दारं, गारेगार हवा, आत शिरताच हातात गुलाबाचं फूल. टायवाला एक साहेब आम्हाला फिरवायला निघाला. पुढे एक शिपाई दिवे-पंखे लावत चालला होता, आणि मागे वळून पाहिलं तर दुसरा शिपाई ते बंद करत येत होता. म्हणजे आम्ही असू तेवढ्याच जागेत उजेड, पुढे आणि मागे अंधार. पहिल्या वर्गात चाळीसेक मुलं खाली माना घालून लिहीत होती. एक खोकला नाही, एक कुजबुज नाही. वरच्या मजल्यावर दुसऱ्या वर्गात गेलो, तर तिथेही तशीच मुलं, तशाच माना. फक्त पहिल्या बाकावरचा हिरव्या शर्टातला मुलगा धापा टाकत होता. त्याला मी खाली पाहिलं होतं, अगदी शपथेवर सांगतो. काकांनी एका बाकावर तळहात फिरवला. गुळगुळीत. एकही नाव नव्हतं. मी त्या हिरव्या शर्टाबद्दल विचारणार होतो, पण ईशा इतकी हरखली होती की राहू दिलं.

प्रयोगशाळेत पांढरा ॲप्रन घातलेली एक मुलगी बाटल्या पुसत होती. तिनं वळून पाहिलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. नोकरीसाठी मी रोज तलासरीला जातो. वाटेत वेवजीच्या फाट्यावर एक फ्लेक्स आहे. दोन-तीन पावसाळ्यांत त्यावरची अक्षरं पार धुऊन गेली आहेत, राहिलाय तो फक्त एका मुलीचा चेहरा आणि भोवती फुलांची चौकट. श्रद्धांजलीचा बोर्ड समजून मी रोज त्याला हात जोडतो. काका एकदा बरोबर होते तेव्हा तेही हळहळले होते, "अरेरे, केवढीशी पोर!" ती पोर आता आमच्यासमोर उभी राहून फडकं पिळत होती. काकांनी माझं मनगट असं धरलं की त्यांची नखं रुतली.

नेमका साहेबाला फोन आला आणि तो बाहेर गेला. मनगट न सोडताच त्यांनी विचारलं, "बाळा, तू वेवजीकडची का?"

"हो! तुम्ही कसं ओळखलंत?"

"फाट्यावर... फोटो..."

"तो होय! माझ्या अभिनंदनाचा बोर्ड आहे तो. आमच्या पाड्यातून कॉलेजला लागलेली पहिली मुलगी ना मी, म्हणून सगळ्यांनी मिळून लावला." ती हसली, आणि मग तिचं हसू ओसरलं. "अजून आहे तो?"

माझा जीव भांड्यात पडला. हसायलाही येणार होतं. तेवढ्यात तिनं ईशाचा हात धरला. "तू येणार ना इथे? ये ना. मला सोबत होईल."

"एवढी मुलं आहेत की," ईशा म्हणाली.

"ती ॲडमिशनच्या दिवसांपुरती आणलेली. ज्यांची नावं खरंच पटावर आहेत, ते फक्त परीक्षेला येतात. रोज येणारी मी एकटीच. शिपाईकाका माझ्यापुरता एक पंखा लावून देतात. तिसरं वर्ष आहे. पास होते मी दर वेळी." तिनं बाटलीकडे पाहिलं. "येत काहीच नाही. घरी सांगू नका हं, तुमच्या पाया पडते."

ईशानं गुलाब टेबलावर ठेवला. "बाबा, चला," एवढंच म्हणाली. त्याच दुपारी आम्ही गळक्या छताच्या कॉलेजात तिचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन वेवजीला गेले. "तिनं सांगू नका म्हटलंय," मी वाटेत दोनदा आठवण करून दिली. "म्हणूनच सांगायचंय," ते म्हणाले. मुलीचे वडील दुसऱ्याच्या शेतावरून येऊन नुकतेच अंगणात टेकले होते. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर फटकन निकाल देणारा हा माणूस त्यांच्यासमोर अडखळत, पुन्हा पुन्हा मागे जाऊन बोलला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी रोज फोनवर विचारायचो, काका. जेवलीस का, बरी आहेस का, अभ्यास केलास का. वर्गात दुसरं कोणी आहे का, हे कसं सुचणार हो माणसाला?"

आठवडाभरात वडील स्वतः जाऊन मुलीला घरी घेऊन आले. यंदाची मुदत टळली होती, पुढच्या वर्षी ती पहिल्यापासून सुरू करणार आहे. तोवर ईशा रोज संध्याकाळी हॉस्टेलवरून फोन करून त्या दिवशी शिकवलेलं तिला वाचून दाखवते.

त्यानंतर ईशा मला फोन करते. मी हल्ली आधी जेवलीस का विचारत नाही. आज वर्गात कोण कोण होतं, ते विचारतो. ती वैतागते, पण नावं घेते, आणि मी शेवटपर्यंत ऐकतो. काका बहुतेक शेजारीच बसलेले असतात. त्यांना ती सगळी नावं पाठ झाली आहेत. एखादं राहून गेलं, की ते घाईघाईनं माझ्या हातातला फोन ओढून घेतात आणि विचारतात, "आणि तो? तो आज कुठं गेला गं?"