खंडेनवमीचं गाठोडं

तीस वर्षं मी नक्की कोणाला नमस्कार करत होते, हे मला अजून नीट कळलेलं नाही. लालबागच्या आमच्या खोलीत पोटमाळ्यावर लाल फडक्यातलं एक गाठोडं असायचं. मामंजी दर खंडेनवमीला ते स्वतः उतरवायचे. "गिरणीतली हत्यारं आहेत, सोडायचं नाही," अशी ताकीद. आम्ही वरूनच हळदकुंकू वाहायचो. दोन्ही बाळंतपणांत, यजमानांच्या आजारपणात मी त्यालाच हात जोडले आणि दरवेळी निभावलं. यंदा मामंजी गेले. आवराआवरीत फडकं सोडलं, तर आत पिस्तूल! दंगलीच्या वर्षी कोणीतरी आणून दिलं असावं. माझं डोकंच चालेना.

धाकटे दीर म्हणाले, "वैनी, रवांदे घरात. परत काय झाला तर?" पोलिसांत द्यावं तर मामंजींचं नाव जाणार, ठेवावं तर माळ्यावर चढून खेळणाऱ्या माझ्या दोन नाती. शेवटी मला सुचलं ते एवढंच, की पूजेतली वस्तू आहे, विसर्जन करावी. सकाळी निर्माल्याच्या पिशवीत घातलं, वर झेंडू टाकला आणि दादर चौपाटी गाठली. आता माझंच मला हसू येतं. तेव्हा पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती.

पाण्यात शिरणार तोच किनारा झाडणारी एक बाई आडवी आली. "काय सोडताय, ताई?"

"देव," मी म्हटलं.

"नका सोडू. भरतीला समदं परत येतं. मीच उचलते रोज. माझ्या आधी पोरांना घावलं, तर खेळत बसतात."

पिशवीत काय आहे, तिला ठाऊक नव्हतं. मला मात्र धडकी भरली. तशीच मागे फिरले आणि पोलीस ठाण्यात जाऊन पिशवी टेबलावर ठेवली.

हवालदारांनी आधी मला चांगलंच झापलं. मग पिस्तूल उघडलं. आत गोळ्या होत्या. भरलेल्या पिस्तुलासमोर मी माझ्या मुलींना पाटावर बसवत होते.

चौकशी बरेच दिवस चालली. दीर अजून बोलत नाहीत. माझे ते सगळे नमस्कार कुठे पोचले, देव जाणे. पण त्या सकाळी त्यानेच मला अडवलं, असं मन म्हणतं. त्या बाईचे आभार मानायला दोनदा गेले, ती भेटली नाही. रोज 'तूच राखणारा' म्हणायचो आणि डोक्यावर पिस्तूल ठेवून झोपायचो, हा आमचा विश्वास! आता माळ्यावर फक्त गाद्या आहेत. भीती गेलेली नाही. ती घेऊनच मी देवापुढे बसते.